मध्यंतरातला हार

“बाईंचा इंटरव्ह्यू?” धैर्यशीलरावांनी ओठांपाशी नेलेली चहाची बशी तशीच खाली ठेवली. “आवं डॉक्टर, तुमी शुद्धीवर हाय न्हवं? जगातल्या मोठमोठ्या डॉक्टरांचं इंटरव्ह्यू ज्यांनी घेतलं, त्यांना आपन समोर बसवून विचारायचं, ‘बाई, तुमचं पूर्ण नाव सांगा’? पाव्हण्याला पाटावर बसवायचं का परीक्षेला?”

निवड समितीतले सगळे हसले. कुलसचिव तेवढे नियमाविषयी काहीतरी पुटपुटले.

“नियम कागदावर पुरा करा तुमी,” धैर्यशीलराव म्हणाले. “बाईंचा सत्कार करायचा. शाल, श्रीफळ आन् निशिगंधाचा हा एवढा हार. मानूस मानानं येतंय, प्रश्नानं न्हाई. काय डॉक्टर?”

डॉक्टर चिंतामण पुराणिकांनी मान डोलावली.

सत्त्याण्णव सालचा माघ होता तो. सांगलीच्या बाजारात नवी हळद यायला लागली होती आणि संस्थेच्या सभागृहाच्या खिडक्या उघड्या ठेवल्या की कागदांवरसुद्धा पिवळसर धूळ बसायची. संस्थेच्या वैद्यकीय महाविद्यालयाला नुकताच विद्यापीठाचा दर्जा मिळाला होता आणि त्या आनंदाच्या भरात एक नवा विभाग निघाला होता. नाव पाटीवर मावेना इतकं लांब, ‘जागतिक आरोग्य, नवोपक्रम आणि धोरण’. पाटी रंगली, खोली झाली, खोलीत सागवानी खुर्ची आली. खुर्चीवर बसणारं माणूस तेवढं यायचं होतं. जाहिरात दिली, अर्ज आले. दिल्लीच्या एका विद्वानानं सांगलीत विमान उतरतं का, एवढंच विचारलं होतं. संस्थेचे अध्यक्ष धैर्यशीलराव ऊसवाले, घरात तीन पिढ्या फौजेत गेलेल्या, त्यांनी तो अर्ज लांबूनच पाहिला आणि म्हणाले, “ह्येला हेलिकॉप्टर लागंल. पुढचा दाखवा.”

पण चिंतामणरावांच्या मनात पहिल्या दिवसापासून एकच नाव होतं. समाजवैद्यक विभागाचे प्रमुख म्हणून ते निवृत्त झाले होते, आता सल्लागार म्हणून येत-जात. त्यांनीच जिनिव्हाला पत्र धाडलं होतं. डॉक्टर शकुंतला निकम तिथल्या आरोग्य संघटनेतून नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. उत्तर आलं, ‘बेल्जियमच्या एका विद्यापीठानंही विचारलं आहे, त्यांना महिनाअखेर कळवायचं आहे. पण आधी तुमच्याकडे येते.’

‘आधी तुमच्याकडे येते.’ देवाच्या पायावरचं तुळशीपान जपावं तसे ते तीन शब्द चिंतामणरावांनी तेव्हापासून जपले होते.

आणि तरी इंटरव्ह्यू नको म्हटल्यावर त्यांनी मान डोलावली. त्याला कारण होतं. त्यांचा जन्मच मुळी मान डोलावण्यात गेला होता. वडील दिगंबरबुवा साताऱ्याचे नावाजलेले कीर्तनकार. बुवा पद म्हणून थांबले की मागं उभं राहून तेच पद उचलायचं, ते घोळवायचं, तोवर बुवांना दम घेऊ द्यायचा. याला झील धरणं म्हणतात. मिसरूड फुटायच्या आधीपासून चिंतामण झील धरायचा. गळा वडिलांपेक्षा गोड, पण झीलकऱ्यानं पहिली ओळ काढायची नसते. दुसऱ्यानं म्हटलेलं आपलं मानून म्हणायचं, त्यातच त्याची भक्ती. पुढं तो डॉक्टर झाला, प्राध्यापक झाला, डोक्यावरचे केस गेले, पण स्वभावातली झील काही सुटली नाही.

शकुंतलाबाईंची ओळख झाली तीही कीर्तनातच. साठाच्या दशकातली गोष्ट. देवीच्या रोगाविरुद्ध मोहीम जोरात होती. चिंतामण कोरेगाव तालुक्यात सरकारी दवाखान्यात होता आणि ही रहिमतपूरची मुलगी नवी डॉक्टर होऊन लस टोचायला आली. गावाबाहेर जीपचा धुरळा दिसला की आयाबाया पोरं कणगीत लपवायच्या, म्हातारी माणसं उसात शिरायची. देवी ही देवाची, तिला सुई कशी लावायची? शकुंतला रोज रिकाम्या गावातून हिंडून रिकामी परत यायची. एकदा अशीच दमून एका देवळात टेकली. आत दिगंबरबुवांचं कीर्तन चाललेलं, अख्खं गाव मांडी ठोकून बसलेलं. जी म्हातारी दुपारी तिला पाहून उसात शिरली होती, ती पहिल्या ओळीत डोळे मिटून डुलत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बुवांपुढं उभी राहिली. “बुवा, तुमच्यासमोरून एक माणूस उठत नाही आणि माझ्यासमोर एक माणूस बसत नाही. मी काय करू?”

बुवा हसले. “माझ्यासाठी कुणी बसत नाही, पोरी. गोष्ट राहिलेली असते म्हणून बसतात.” मग थोडा विचार करून म्हणाले, “कीर्तनाचे दोन भाग. पूर्वरंगात बोध, उत्तररंगात आख्यान. मधे बुवाला हार घालतात आणि सगळ्यांच्या कपाळी बुक्का लागतो. आजपासून असं करू. आम्ही बुक्का कपाळाला लावू, तू तुझी लस दंडाला लाव. दोन्ही झाल्याशिवाय आख्यान पुढं जाणार नाही.”

त्यासाठी बुवांनी परंपराही थोडी वाकवली. आख्यान ते पूर्वरंगातच सुरू करायचे आणि ऐन मोक्यावर आणून सोडायचे. आख्यान त्यांचं स्वतःचं, धुळा नावाड्याचं. कृष्णेला पूर आलाय. धुळाच्या नावेत एक म्हातारी बसलीय. नाव मधोमध गेली आणि ह्या काठावरून कुणी हाक मारली, “आजी, माघारी ये!” तोच त्या काठावरून हाक आली, “आजी, लवकर ये!” धुळानं वल्हं थांबवलं. बुवा गायचे,

‘दोन्ही काठ हाका घालिती माये,
कोण्या काठा लावू नाव?’

चिंतामण झील धरायचा. ओळ पुरासारखी चढत जायची, बायका पदर डोळ्यांना लावायच्या. “आजीनं तोंड उघडलं…” असं म्हणून बुवा चिपळ्या खाली ठेवायचे. “मंडळी, आता बुक्का घ्या आणि जाताना डॉक्टरीणबाईंना दंड दाखवा. लवकर आटपा. आजी पाण्यात खोळंबलीय.”

लोक रांगेत यायचे हो! कपाळाला बुक्का, दंडाला टोचणी, की पळत परत आपल्या जागेवर. एक गाव झालं, दहा झाली, तालुका झाला. बाहेर ओसरीवर गॅसबत्तीच्या उजेडात शकुंतला टोचायची आणि शेवटचा दंड संपला की आत उत्तररंग सुरू व्हायचा. तेव्हा ती सुया उकळत असायची, नोंदी करत असायची, पेट्या जीपमधे चढवत असायची. पहाटे दुसरं गाव. एवढ्या वर्षांत त्या म्हातारीचं उत्तर जिनं एकदाही ऐकलं नाही अशी ती पंचक्रोशीत एकटीच.

“चिंतामणराव, आजी शेवटी काय म्हणाली हो?” ती जीपमधून विचारायची.

“सांगायची गोष्ट नाही ती, गायची आहे. एकदा निवांत बसून ऐका.”

निवांत बसणं काही झालं नाही. देवीचा रोग गेला आणि शकुंतलेला जिनिव्हाचं बोलावणं आलं. रहिमतपूर स्टेशनवर चिंतामण पोचवायला गेला होता. परत कधी येणार, हे विचारायचं त्यानं वाटेत दहा वेळा ठरवलं. ती डब्याच्या दारात उभी राहून त्याच्याकडे बघत होती. पण ‘विचार’ असं म्हणणारं पुढं कुणी नव्हतं, आणि पहिली ओळ काढायची त्याला सवय नव्हती. गाडी हलली तेव्हा तो म्हणाला, “पाणी उकळून प्या.”

जिनिव्हाला जाणाऱ्या बाईला!

पुढं बुवा गेले. चिंतामणरावांचा संसार झाला, सरळ आणि गोड झाला. मुलगा वरद बंगळुरात नोकरीला लागला आणि पत्नी मालतीबाई एका पावसाळ्यात शांतपणे गेल्या. शकुंतलाबाई जगभर हिंडल्या. आफ्रिकेतल्या बाजारांत, मासळी उतरते त्या धक्क्यांवर, लग्नाच्या मांडवांत त्यांनी लसी नेल्या. ‘लोकांना बोलावू नका, लोक जिथं आधीच बसलेत तिथं जा,’ हे त्यांचं सूत्र कितीतरी देशांच्या धोरणात शिरलं. ग्रंथालयात बसून चिंतामणराव ते वाचायचे आणि वाचता वाचता नकळत टेबलावर बोटांनी ताल धरायचे.

तर अशा बाई आल्या आणि त्यांचा सत्कार झाला.

सभागृह खचाखच भरलं होतं. शकुंतलाबाई साध्या सुती साडीत, केस पांढरे, चाल तीच भराभर. त्यांनी पडद्यावर टाकायला चित्रं आणली होती, नव्या विभागाचा आराखडा आणला होता. “मला खुर्ची दाखवली,” त्या म्हणाल्या, “छान आहे. पण ह्या विभागाला खुर्चीच्या आधी जीप लागेल.” लोक खळखळून हसले. रहिमतपूरचं मराठी इतकी वर्षं परदेशात राहूनही बाईंनी काचेच्या बरणीतल्या लोणच्यासारखं राखलं होतं. तासभर त्या बोलल्या. मग थांबून म्हणाल्या, “आता तुम्ही विचारा. काय पटलं नाही, काय जमणार नाही, सगळं विचारा.”

कुणी विचारलं नाही. पाहुण्यांना त्रास द्यायचा नाही, असं धैर्यशीलरावांनी सगळ्यांना बजावलेलं. एका तरुण अधिव्याख्यातीचा हात वर गेला होता, तो शेजारणीनं खाली ओढला. शकुंतलाबाई थांबल्या. चष्मा काढून पुसला, परत घातला. मग त्यांची नजर पहिल्या रांगेत चिंतामणरावांवर येऊन थांबली. चिंतामणराव आपल्या पायांकडे बघू लागले. कारण त्यांच्या ओठांवर एकच प्रश्न होता, आणि तो विद्यापीठाचा किती नि आपला किती, हे त्यांचं त्यांनाच कळत नव्हतं.

तेवढ्यात टाळ्या सुरू झाल्या. शाल झाली, श्रीफळ झालं, एवढा मोठा निशिगंधाचा हार पडला. सूत्रसंचालकाला निवृत्तीच्या समारंभांची सवय, त्यानं भरल्या गळ्यानं सांगितलं, “बाईंना पुढील आरोग्यमय आयुष्यासाठी आपणा सर्वांतर्फे शुभेच्छा.”

पुरणपोळीचं जेवण झालं. धैर्यशीलरावांनी स्वतः वाढलं, तुपाची धार काही आवरेना. संध्याकाळच्या गाडीनं बाई रहिमतपूरला भावाकडे निघाल्या. चिंतामणराव स्टेशनवर सोडायला गेले.

“इथं फोनचा बूथ असेल का?” शकुंतलाबाईंनी विचारलं. “एक फोन करायचाय.”

चिंतामणरावांनी कोपऱ्यावरचा पिवळा बूथ दाखवला. भावाला कळवायचं असेल, त्यांच्या मनात आलं. बाई आत गेल्या तेव्हा त्यांच्या हातातला तो हार चिंतामणरावांनी आपल्या हातात घेतला आणि काचेबाहेर उभे राहिले. निशिगंधाचा वास इतका दाटला होता की त्यांना वाटलं, आज विचारावंच. आज सुटी द्यायची नाही जिभेला. बाई बाहेर आल्या. काही न बोलता उभ्या राहिल्या, पूर्वी डब्याच्या दारात राहिल्या होत्या तशाच.

“गाडीत प्यायला पाणी घेतलंय ना?” चिंतामणराव म्हणाले.

“घेतलंय,” बाई म्हणाल्या आणि हार घेऊन गाडीत चढल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी चिंतामणराव पूजा आटोपून नैवेद्याचं ताट ठेवत होते तोच दारात जीप येऊन थांबली.

“काय म्हनल्या बाई?” धैर्यशीलराव आत येत विचारू लागले. “कवापासून येत्यात?”

“मला काय विचारता? तुमच्याशी बोलणं झालं असेल ना.”

“माझ्याशी? मी कशाला बोलंन? मी वाढपी! म्या म्हनलं, तुमची जुनी वळख, तुमी स्टेशनावर इचारनार.”

“मला वाटलं, जेवताना तुम्ही…”

“आन् कुलसचिव?”

“त्यांना वाटलं असेल, आपण दोघांनी.”

धैर्यशीलराव पाटावर मटकन बसले. “म्हंजी,” ते म्हणाले, “नवरी आणली, जेवू घातली, ओटी भरली आन् लगीन लावायचं राह्यलं व्हय?”

कालचा एकेक क्षण चिंतामणरावांच्या डोळ्यांसमोर उलटा उभा राहत होता. प्रश्न विचारा म्हणून थांबलेल्या बाई. ‘पुढील आयुष्यासाठी शुभेच्छा.’ तिकडच्या लोकांत ज्याला घ्यायचं त्याला प्रश्नांनी भंडावून सोडतात. ज्याला कुणीच काही विचारत नाही, त्यानं समजून जायचं असतं. आणि इकडच्या लोकांत शाल-श्रीफळ देतात ते कुणाला? जाणाऱ्याला. बाई दोन्हीकडच्या. दोन्ही हिशेबांनी त्यांना नकारच मिळाला होता.

“गाडी काढा,” चिंतामणराव म्हणाले. “आज त्या रहिमतपूरला आहेत. उद्या मुंबई, मग विमान.”

नैवेद्य दाखवून दोघे निघाले. इस्लामपूर गेलं, कराड गेलं. ऊसतोडीचे दिवस, रस्त्याला बैलगाड्यांची रांग. धैर्यशीलराव एका हातानं हॉर्न वाजवत बोलत होते, “चूक माझीच हाय, डॉक्टर. पन मला सांगा, तुमी एवढी शिकलेली मानसं, तुमी का न्हाई तोंड उघडलं?”

“मी झीलकरी, धैर्यशीलराव. आधी कुणीतरी म्हणावं लागतं.”

“मग आज मी म्हनू का आधी?”

चिंतामणरावांनी बाहेरच्या तुरे आलेल्या उसाकडे पाहिलं. “नको,” ते म्हणाले. “आज मला म्हणू द्या.”

रहिमतपुरात बाईंच्या भावाचं, सुभेदार सयाजीरावांचं घर शोधावं लागलं नाही. ओट्यावर त्यांच्या पत्नी शालूबाई हरभरा सोलत बसल्या होत्या. जीप बघून उठल्या, डोक्यावर पदर घेतला.

“वन्सं देवळात गेल्यात,” त्या म्हणाल्या. “आल्यापास्नं गप गप हायेत बगा. काल एवढी शाल आन् हार घिऊन आल्या. म्या म्हनलं, वन्सं, कसला वो सत्कार? तर म्हनत्यात, ‘वहिनी, सांगलीकरांनी निरोप दिला. लय मानानं दिला.’ आन् आत जाऊन पडल्या.” मग चिंतामणरावांकडे नीट बघून, “तुमी बुवांचं ल्येक न्हवं? मागं हुबं ऱ्हायाचा ते? चला, मी बी येते.”

देऊळ तेच, बुवांच्या कीर्तनाचं. ओसरी तीच, फक्त फरशी नवी. शकुंतलाबाई जिथं पूर्वी त्यांची पेटी असायची त्या खांबाला टेकून बसल्या होत्या. चिंतामणरावांना पाहून उठायला लागल्या.

“बसा,” चिंतामणराव म्हणाले. ते स्वतः उभेच राहिले. देवाकडे पाहून हात जोडले, आणि वळले. “शकुंतलाबाई, कीर्तनात हार कधी घालतात?”

बाई गोंधळल्या. “मध्यंतरात.”

“हार पडला म्हणून कीर्तनकार घरी जातो?”

“नाही. मग आख्यान सुरू होतं.”

“काल तुम्हाला जो हार घातला, तो मध्यंतरातला. निरोपाचा नव्हता.”

शकुंतलाबाई परत खांबाला टेकल्या. “मी थांबले होते, चिंतामणराव,” त्या हळू म्हणाल्या. “सभागृहात थांबले. जेवताना थांबले. स्टेशनवर थांबले. उत्तररंग कुठं होता?”

“बाई, मातीत घातलं आमी,” मागून धैर्यशीलराव म्हणाले, “आमाला वाटलं, इचारलं तर तुमचा अपमान…”

चिंतामणरावांनी हातानंच त्यांना थांबवलं. मागं झील धरायला कुणी नव्हतं, पुढं बुवा नव्हते, फक्त देव होता आणि ती होती.

“तुम्ही या,” ते म्हणाले. “विभागाला तुम्ही हव्यात. आणि विभाग नसता तरी मी हेच म्हटलं असतं. परत या. हे मला त्या वेळीच म्हणायचं होतं, गाडी हलली तेव्हा.”

शालूबाईंनी तोंडाला पदर लावला. देवळातली चिमणी एकदा इकडून तिकडं गेली. शकुंतलाबाईंनी हातातली तुळशीची काडी ओसरीवर ठेवली.

“काल मी तुमच्यादेखत फोन केला,” त्या म्हणाल्या. “तुम्ही माझा हार धरून उभे होता. बेल्जियमला हो म्हणाले. एका वर्षासाठी.”

चिंतामणराव ओसरीवरच बसले.

“फोनच हाय की वो!” धैर्यशीलराव पुढं आले. “परत एक लावू. हितं बी बूथ हाय. म्हनावं, घरचं मानूस आडवं आलं.”

“शब्द दिलाय, धैर्यशीलराव,” बाई म्हणाल्या. “तिकडं पोरं वर्गात येऊन बसतील. बसलेल्या लोकांसमोरून मी कधी उठले नाही.”

फौजेतल्या घराण्याचा माणूस. शब्द म्हटल्यावर धैर्यशीलराव मागं सरले. मान खाली घालून मिशी ओढत राहिले. विचारायचं ते विचारून झालं होतं, आणि एका संध्याकाळचा उशीर झाला होता.

शकुंतलाबाईच शेवटी बोलल्या. “चिंतामणराव, आज मी निवांत बसलेय. पेटी नाही, जीप नाही. ती आजी काय म्हणाली, तेवढं तरी ऐकवा. एवढं घेऊन जाते.”

“मी? मी कधी पुढं उभा राहिलो नाही.”

“आत्ता राहिलात की.”

देवळातल्या खुंटीला चिपळ्या होत्या. चिंतामणराव उठले, चिपळ्या कपाळाला लावल्या. उपरणं नव्हतं, पायात चाळ नव्हते, अंगात साधा शर्ट. “झील कोण धरणार?” त्यांनी विचारलं.

“मला दोनच सूर येत्यात,” धैर्यशीलराव म्हणाले. “एक ऊस भरल्याव हाक मारायचा आन् दुसरा सभेतला. चालंल का?”

“देवाला सगळे सूर चालतात. मी म्हणेन तेच म्हणा, माझ्यापुढं जाऊ नका.”

आणि चिंतामणरावांनी जन्मात पहिल्यांदा पहिली ओळ काढली. आवाज आधी कापला, मग लागला. पूर आला, धुळाची नाव सुटली, म्हातारी गाठोडं छातीशी धरून बसली. सत्तरीकडं झुकलेल्या गळ्यात बुवांचा गोडवा होता आणि वर स्वतःचं काहीतरी होतं, फार दिवस आत राहून मुरलेलं. नाव मधोमध आली.

‘दोन्ही काठ हाका घालिती माये,
कोण्या काठा लावू नाव?’

धैर्यशीलरावांनी झील धरली ती अशी की चिमणी बाहेर गेली. कुणी हसलं नाही. शालूबाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, त्या ओसरीवर बसून दंडाच्या जुन्या खुणेवरून बोटं फिरवत होत्या. ओळ चढत गेली, फिरत गेली. शकुंतलाबाई पुढं सरकल्या, जशी गावोगावची माणसं सरकायची.

“आजीनं तोंड उघडलं,” चिंतामणराव म्हणाले, “आणि…”

समोर तो चेहरा होता, उत्सुक, वर उचललेला. सांगून टाकावं. एवढं मागितलंय तिनं. वर्ष मोठं असतं, आपलं वय हे असं. सांगितलं नाही आणि सांगायला उरलोच नाही तर? शब्द अगदी जिभेवर आले. आणि मग त्यांना वडिलांचं वाक्य आठवलं. माझ्यासाठी कुणी बसत नाही, पोरी, गोष्ट राहिलेली असते म्हणून बसतात.

त्यांनी चिपळ्या खाली ठेवल्या. गाभाऱ्यातून बुक्क्याची वाटी आणली आणि शकुंतलाबाईंच्या कपाळी बोट टेकवलं.

“बुक्का घ्या,” ते म्हणाले. “मध्यंतर.”

“आणि पुढचं?”

“पुढचं तुम्ही आल्यावर.”

शकुंतलाबाई बघतच राहिल्या. मग त्यांना हसू फुटलं, आणि हसता हसता डोळे भरून आले. “माझंच औषध मला देता? अहो, सबंध जगात मी हे शिकवलं!”

“आमच्या घरचं औषध आहे ते,” चिंतामणराव म्हणाले. “तुम्ही नेलं होतं. आता लवकर या. आजी पाण्यात खोळंबलीय.”

“आणि खुर्ची?” बाईंनी धैर्यशीलरावांना विचारलं. “वर्षभर रिकामी ठेवाल?”

“आवं, आडसाली ऊस बी दीड वर्स रानात हुबा ऱ्हातो. खुर्चीला काय खायाला घालायचं हाय?”

बाई उठल्या. घरी जाऊन कालची शाल घेऊन आल्या, घडीसुद्धा न मोडलेली, आणि धैर्यशीलरावांच्या हातात दिली. “ही त्या खुर्चीवर टाका. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तशी. कुणी बसलं तर सांगा, बाई खाली चहा घ्यायला उतरल्यात.”

शाल खुर्चीवर आहे, वर्ष अजून सरायचंय. झाडायला येणारा आकाराम रोज ती उचलून झटकतो आणि परत तशीच टाकतो, नवा कुणी प्राध्यापक चुकून टेकायला लागला तर म्हणतो, “सायेब, हितं बाई हायेत.”

चिंतामणराव सकाळी कृष्णेच्या घाटावर जातात. आंघोळ करून शेवटच्या पायरीवर बसतात आणि उत्तररंगाचा सराव करतात. झील धरण्यात जन्म गेला, पुढचं आख्यान एकट्यानं म्हणायची सवय नाही. पूर ओसरतो, नाव फिरते, काठ जवळ येतो, हे सगळं मोकळ्या गळ्यानं गातात. पलीकडच्या काठावरचे धुणारे, म्हशी धुवायला आलेले ऐकायला थांबतात. म्हातारीच्या उत्तराची ओळ आली की मात्र चिंतामणराव ओठ मिटून घेतात आणि ती मनातल्या मनात म्हणतात. पाण्यावर नुसता चिपळ्यांचा ताल जात राहतो.